जादूगाराची बारा इंची खोली

माणसाला मोठे घर हवे असते, या एका सिद्धांतावर आमची बँक उभी आहे. गृहकर्जाच्या टेबलाशेजारी माझे टेबल आहे. (गृहकर्जाच्या टेबलाला एसी आहे. त्याचा वारा अधूनमधून माझ्याकडे वळतो, एवढाच माझा आणि गृहकर्जाचा संबंध.) गेली वीस वर्षे मी तिथे बसून माणसे एका खोलीतून दोन खोल्यांत आणि दोनांतून तिनांत जाताना पाहतो आहे. जाताना ती वीस वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेतात आणि वर पेढे वाटतात. अशा जागी बसणाऱ्या माणसाला जर कुणी सांगितले, की बाबा रे, खऱ्या घराएवढे पैसे मोजून मुद्दाम फूटभर उंचीच्या खोल्या बांधून घेणारे लोक या जगात होऊन गेले, तर तो त्या सांगणाऱ्याचे पॅनकार्ड मागेल. पण असे लोक होते. एकदोन नव्हेत, चांगली रांग आहे. आणि त्यांतले बहुतेक शुद्धीवर होते.

रांगेतले पहिले टोकन बव्हेरियाच्या पाचव्या आल्ब्रेश्ट ड्यूकचे. त्याने १५५८ च्या सुमारास म्यूनिकमध्ये एक चार मजली बाहुलीघर करवून घेतले. तबेला, गोठा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, प्रार्थनाघर, काही म्हणून बाकी ठेवले नाही. मुलीसाठी म्हणून करायला घेतले आणि तयार झाल्यावर स्वतःच्याच संग्रहात ठेवून दिले, असे सांगतात. मुलाच्या वाढदिवसाला चावीची आगगाडी आणून रात्री अकरापर्यंत स्वतः तिच्यामागे रांगणारे बाप मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मला हे सहज पटते. पुढे १५९८ साली फिकलर नावाच्या गृहस्थाने त्या संग्रहाची बैजवार यादी केली. आज ते घर नाही. यादी आहे. ज्याने कधी बँकेचे डेड-स्टॉक रजिस्टर हाताळले असेल, त्याला यात नवल वाटणार नाही.

दुसरे टोकन न्युरेंबर्गच्या आना केफरलिन या बाईंचे. यांनी एक भलेमोठे बाहुलीघर उभे केले आणि १६३१ साली लोकांना ते पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. वर एक छापील पत्रकही काढले. मुलांनो, या, हे घर नीट पाहा आणि संसार कसा नेटका करावा ते शिका, असा त्याचा एकूण आशय. म्हणजे खेळणे, शिकवणी आणि तिकीट, तिन्ही एका छपराखाली. हल्लीच्या उन्हाळी शिबिरांना वाटते की ही कल्पना त्यांची. हेही घर पुढे नाहीसे झाले आणि पत्रक तेवढे उरले. वस्तूपेक्षा कागद चिवट असतो, हे कारकून जमातीला आधीपासून ठाऊक आहे.

पण खरी मातब्बर असामी म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमनबाई. यजमान रेशमाचे व्यापारी. बाईंनी १६८६ ते १७१० अशी जवळजवळ पाव शतक एका कपाटात घर थाटले. कपाट साधे नव्हे, कासवाच्या कवचाचे जडावकाम केलेले. आत अंगठ्याएवढी चिनी मातीची भांडी, विणलेल्या टोपल्या, इस्त्रीचे कपडे, भिंतीवर खऱ्या चित्रकारांनी काढलेली चित्रे. हे सगळे आजही तिथल्या राइक्सम्युझियममध्ये पाहायला मिळते. एकूण खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाला असावा, आणि तेवढ्या पैशांत त्या काळी कालव्याकाठी खरेखुरे घर येत होते. मी मनाशी तो प्रसंग बरेचदा उभा करून पाहतो. यजमान संध्याकाळी पेढीवरून घरी येतात, जोडे काढतात, आणि बाई सांगतात, "अहो, आज आपल्या दिवाणखान्याच्या खुर्च्या आल्या. तळहातावर दोन मावतात." यावर यजमान काय म्हणाले याची नोंद इतिहासात नाही. समजूतदार नवऱ्यांची सहसा नसतेच.

आता कुणी विचारील, की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन पेंगणाऱ्या माणसाला ही बाहुलीघरांची बाधा कशी झाली? तर ती घरातूनच झाली. आमची कन्या नववीत आहे. दहावीच्या आदल्या वर्षी मुलांच्या अंगात जे जे येते ते सगळे तिच्या अंगात आले, आणि शेवटी तिने जाहीर केले की ती एका जादूगाराची खोली बनवणार. पुस्तकातल्या कुठल्या प्रसिद्ध जादूगाराची नव्हे. तिच्या स्वतःच्या. तो म्हातारा आहे, विसराळू आहे, आणि नुकताच खोलीबाहेर गेला आहे. त्यामुळे त्याचा पुतळा करावा लागणार नाही, ही त्यातली व्यवहाराची बाजू.

या धंद्यात माप ठरलेले असते. एका फुटाला एक इंच. ओर्टमनबाईंपासून सगळे साधारण याच हिशेबाच्या आसपास चालत आले आणि विसाव्या शतकात हे प्रमाण अगदी कायम झाले. कन्येने जादूगाराला दहा इंच रुंद, बारा इंच लांब अशी खोली मंजूर केली. म्हणजे खऱ्या मापात दहा बाय बारा. आई कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गिरगावच्या खोलीएवढीच की! सात माणसं राहत होतो आपण. याला एकट्याला कशाला एवढी?"

मग घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. आइस्क्रीमच्या काड्यांची जमीन झाली. फळांच्या पेटीच्या पट्ट्यांचे तुळया आणि दार झाले. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदांचे ग्रंथ झाले, शंभर-सव्वाशे, प्रत्येक नखाएवढा, आणि त्यांना जुन्या डायरीच्या पुठ्ठ्याची बांधणी. होमिओपॅथीच्या रिकाम्या शिश्या हे तर या विद्येचे भांडवलच. मध्यमवर्गीय घरात त्यांचा साठा पिढ्यान्‌पिढ्या वाढत असतो आणि त्यांचा उपयोग कधीतरी होईल या आशेवर आपण जगत असतो. तो दिवस आला. एकीत हळद, एकीत कुंकू, एकीत मोरचूद, आणि एकीत काय आहे ते मला कुणी सांगितले नाही. मसाल्याच्या डब्यातून दालचिनी गेली ती सरपण म्हणून, मसाला वेलची गेली ती कसलेसे वाळवलेले प्राणी म्हणून. सौ.ने हे सगळे सोसले. पण कन्येने कापसाचे तंतू ओढून खोलीच्या कोपऱ्यांत जळमटे लावायला घेतली, तेव्हा तिचा संयम सुटला. "दर रविवारी मी घरभर कुंचा घेऊन फिरायचं, आणि तुम्ही मुद्दाम जाळी लावायची!" यावर तह असा झाला की जळमटे फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत राहतील आणि बाकी खोली जादूगार स्वतः झाडतो असे समजायचे.

एक अडचण मात्र माझ्याकडे आली. कन्या म्हणाली, "बाबा, जादूगाराच्या खोलीत छताला मगर का टांगलेली असते?" हिंदी-इंग्रजी चित्रपटांत ती असते हे मलाही माहीत होते. का असते, हे शोधण्यात माझ्या दोन महिन्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. वर सांगितलेली रांग मला याच शोधात भेटली.

जादूगाराची खोली म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येते, ते मुळात जादूगाराचे नाहीच. ते सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपी औषधाचे दुकान अधिक किमयागाराची भट्टी, अशी बेरीज आहे. नेपल्सला फेर्रांते इम्पेरातो नावाचा एक औषधविक्या होता. त्याच्याकडे जगभरच्या चमत्कारिक वस्तूंचा संग्रह होता आणि १५९९ साली त्याने छापलेल्या ग्रंथात त्या दालनाचे एक चित्र आहे. पाहुणे तोंड वर करून पाहताहेत, आणि छताला मध्यभागी, पालथी, भलीथोरली मगर. औषधाच्या दुकानात अशी मगर किंवा मासा टांगलेला असला की गिऱ्हाइकाला वाटे, ज्याच्याकडे मगर आहे त्याच्याकडे खोकल्याचे औषध असणारच. आपल्याकडे काही दवाखान्यांत परदेशी परिषदांचे फोटो लावतात, त्यातलाच प्रकार. पुढे डाव्हीड टेनिर्स या फ्लेमिश चित्रकाराने किमयागारांच्या खोल्या रंगवण्याचा सपाटाच लावला. भाता फुंकणारा म्हातारा, फुटकी मडकी, जमिनीवर पसरलेले ग्रंथ, वर काहीतरी टांगलेले. आज आपण ज्याला जादूगाराची खोली म्हणतो तिचा पसारा या चित्रांतून आलेला आहे.

आणि ते लोक वेडे होते म्हणावे तर तसेही नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार जॉन डी हा गणिती होता. मॉर्टलेकच्या त्याच्या घरी इंग्लंडातला एक नामांकित ग्रंथसंग्रह होता, आणि शेजारीच देवदूतांशी बोलण्यासाठीची सामग्री. त्याचा म्हणून ठेवलेला काळा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो मेक्सिकोतल्या ज्वालामुखीच्या काचेचा आहे, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सिद्ध झाले. खुद्द न्यूटनने किमयेवर ढीगभर कागद लिहून ठेवले होते. ते १९३६ साली लंडनला लिलावात निघाले, आणि त्यांतले बरेचसे कुणी विकत घेतले असतील? जॉन मेनार्ड केन्सने! हा केन्स आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना दुसऱ्या वर्षाला आडवा आला होता. तेजीमंदी, मागणीपुरवठा, सरकारी खर्च, आणि शेवटी आठ गुणांचा हुकमी प्रश्न. तो गृहस्थ जगाची मंदी निस्तरता निस्तरता जादूटोण्याचे कागद गोळा करत होता, हे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले असते तर मला प्रथम वर्ग मिळाला असता. ते कागद वाचून केन्सचे मत पडले, की न्यूटनला पहिला आधुनिक शास्त्रज्ञ म्हणण्यापेक्षा शेवटचा जादूगार म्हणावे. मी हे कन्येला सांगितले. तिने लगेच एका टेबलावर नखाएवढे सफरचंद ठेवले. ही मुलगी पुढे काहीतरी करील.

मगर झाली. (भेंडीचे देठाकडचे टोक वाळवून, वर रंग. फार हुबेहूब होते.) आता राहिला उजेड.

लहान खोलीतला उजेड हे मोठे कठीण प्रकरण आहे. भिंत लहान करता येते, खुर्ची लहान करता येते, ज्योत लहान करता येत नाही. ज्यांनी लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. आम्ही चाळीच्या जिन्याखाली किल्ला करायचो. पोती, विटा, माती, उतारावर हळीव पेरलेले, वर सिंहासनावर महाराज, वाटेवर मावळे. सगळे कसे ऐटदार दिसे. मग संध्याकाळी कुणीतरी पणती आणून दरवाजात ठेवी, आणि बोटभर मावळ्यापुढे त्याच्या छातीएवढी ज्वाळा उभी राही. पहारेकऱ्याची सावली चाळीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. शिवाय एखादा मावळा वितळे तो वेगळाच.

म्हणून बाहुलीघरांच्या इतिहासात विजेचा दिवा येणे ही मोठी घटना आहे. तिचा थाट पाहायचा तर विंडसरच्या राजवाड्यात जावे. तिथे क्वीन मेरीचे बाहुलीघर आहे. कल्पना १९२१ सालची, काम पुरे झाले १९२४ ला, आणि त्याच वर्षी वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स. होय, तोच, आपल्या नव्या दिल्लीचा. एकाच वेळी या माणसाच्या टेबलावर एकीकडे व्हाइसरॉयचा तो अवाढव्य प्रासाद होता आणि दुसरीकडे हे एका फुटाला एक इंचवाले घर. दिल्लीचे उद्घाटन व्हायला १९३१ उजाडले, बाहुलीघर तीन वर्षांत झाले. या बाहुलीघरात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालतात, नळाला गरम आणि गार पाणी येते, संडासाची टाकी ओढली की पाणी पडते. तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी दारू आहे. ग्रंथालयातल्या चिमुकल्या पुस्तकांत कॉनन डॉइलने खास लिहिलेली शेरलॉक होम्सची गोष्ट आहे. बर्नार्ड शॉने मात्र लिहायला नकार दिला. एकूण पंधराशेच्या आसपास कलावंत, कारागीर आणि लेखक या कामी लागले होते. आमच्या इमारतीत सध्या पाणी सकाळी पावणेसहा ते साडेसहा येते, हे जाता जाता.

अमेरिकेत याच सुमारास मूकपटांची नटी कॉलीन मूर हिने परीकथेतला एक किल्लाच करायला घेतला. १९२८ ते १९३५ अशी सात वर्षे काम, खर्च पाच लाख डॉलरच्या घरात. गव्हाच्या दाण्याएवढे विजेचे दिवे, झुंबरात खरे हिरे. मध्ये १९२९ ची मंदी येऊन गेली, पण झुंबर हलले नाही. बाईंनी तो किल्ला गावोगाव फिरवून मुलांच्या मदतीसाठी पैसा गोळा केला, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. १९४९ पासून तो शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहे.

पण उजेडाचे मर्म जिला खरे कळले ती बाई वेगळी, आणि तीही शिकागोचीच. नार्सिसा थॉर्न. हिने १९३० नंतरच्या दशकात उत्तमोत्तम कारागीर हाताशी धरून छोट्या खोल्यांची मालिकाच तयार केली. त्यांतल्या अडुसष्ट शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. यांत माणसाची एकही बाहुली नाही. खोली रिकामी, पण आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. आणि दिवा? दिवा खोलीत दिसतच नाही. तो बाहेर आहे, खिडकीच्या पलीकडे, लपवलेला. दार थोडे उघडे असेल तर त्या दारापलीकडे आणखी एक अर्धवट खोली किंवा बागेचा तुकडा केलेला आणि तिथेही उजेड. त्यामुळे पाहणाऱ्याला खोली उजळलेली दिसत नाही, वेळ दिसते. ही सकाळ, ही टळटळीत दुपार, हे तिन्हीसांजेचे.

हे कळायच्या आधी आमच्याकडे वेगळाच प्रयोग झाला होता. कन्या आणि मी लॅमिंग्टन रोडला गेलो. (त्या रस्त्याचे नाव बदलून जमाना झाला, पण तिथे एलईडी घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो.) दुकानदाराने एका दमात सांगितले: बॅटरी नऊ व्होल्टची, एलईडी तीन व्होल्ट खाणार, उरले सहा, करंट वीस मिलिअँपिअर, म्हणजे तीनशे ओहमचा रेझिस्टर, तो मिळत नाही, तीनशे तीसचा घ्या. शिल्लक, वजावट, भागाकार! हे शास्त्र मला फार आवडले. एलईडी आणला तो पांढरा शुभ्र, आणि कन्येने तो छताच्या बरोबर मध्ये बसवला. बटण दाबले. सगळे काही लख्ख दिसले. काड्या काड्यांसारख्या दिसल्या, भेंडी भेंडीसारखी दिसली, आणि जादूगाराची खोली हुबेहूब आमच्या शाखेसारखी दिसू लागली. पास-बुकाची छपाई बंद आहे अशी पाटी तेवढी राहिली होती.

मग तिने थॉर्नबाईंच्या खोल्या पाहिल्या आणि तो दिवा उपटला. दोन पिवळसर एलईडी आणले. डाव्या भिंतीला एक खिडकी पाडली, तिला काड्यांचे गज लावले, खिडकीबाहेर चार इंचांवर एक दिवा तिरपा बसवला आणि पुढे तेलकट वडापावचा कागद लावला, म्हणजे ऊन पसरेल. चित्रपटवाल्यांनीही याहून फार वेगळे केलेले नाही. हॅरी पॉटरच्या चित्रपटांसाठी जादूच्या शाळेची जी प्रतिकृती केली, ती अर्ध्या इंचाला एक फूट या मापाची, साधारण पन्नास फूट व्यासाची आहे आणि लंडनजवळच्या त्या स्टुडिओत २०१२ पासून लोकांना पाहायला मिळते. तिच्या खिडक्यांमागे काचतंतूंचे अडीच हजारांवर दिवे आहेत. आमच्याकडे दोन होते.

रात्री जेवणे झाल्यावर घरातले दिवे घालवून बटण दाबले. गजांच्या सावल्या जमिनीवर तिरप्या पडल्या, पुस्तकांच्या कपाटाच्या अर्ध्यापर्यंत चढल्या आणि तिथे संपल्या. कुणी काही बोलले नाही. आई पुढे वाकली, चष्मा वर केला, खाली केला.

"हा पाचचा," ती म्हणाली.

"काय पाचचा, आजी?"

"उजेड गं. आपल्या खोलीत पाच वाजता असाच यायचा. समोरच्या वाडीच्या कौलावरनं. कपाटापर्यंत आला की मी चहा टाकायची. घड्याळ बघायला लागायचं नाही."

आमची चाळ २०१९ साली पाडली. तिच्या जागी आता जे उभे आहे त्याला नाव इंग्रजी आहे आणि फाटकावर माझी नोंद करून घेतात. आम्ही आपले उपनगरात, सातव्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड करून. त्या खोलीचे फोटो घरात आहेत, अगदी अल्बमभर. मुंजीचे, बारशाचे, ताईच्या साखरपुड्याचे. सगळ्या फोटोंत माणसे आहेत, खांद्याला खांदा लावून, आणि फ्लॅश मारलेला. मागची भिंत जिथे दिसते तिथे पांढरी फटक दिसते. पाच वाजता कपाटावर चढणाऱ्या उजेडाचा फोटो काढायला रोल कोण खर्च करील? छत्तीस फोटोंचा असायचा तो.

त्या रात्रीपासून जादूगाराच्या खोलीचे काम आईच्या देखरेखीखाली गेले. तिने आधी गज मोजायला लावले. सात झाले होते. "पाच," ती म्हणाली. "आणि मधला थोडा वाकडा. तुझा बाप डोकं घालून बसायचा त्यात." मग खिडकीखाली कोनाडा आला. कोनाड्यात चिमणी आली, म्हणजे रॉकेलची, मोहोरीएवढी. दाराशेजारी खुंटी आली, आणि खुंटीवर काय असावे हे न सांगता कन्येने तिथे काळ्या रिबिनीची एक मिटलेली छत्री टांगली. माझ्या वडिलांची छत्री बारा महिने तिथे असायची. ते जाऊन चौदा वर्षे झाली. कन्येला त्यांचे तोंडदेखील आठवत नाही, छत्रीची गोष्ट तिला आजीनेच कधीतरी सांगितली असणार. आईने छत्री पाहिली आणि जपमाळ दुसऱ्या हातात घेतली. काही वेळाने म्हणाली, "पाणी निथळायला खाली पोचारा असायचा."

पोचारा झाला. मी कन्येला हळूच विचारले, आता ती मगर काढायची का? तिने आजीकडे पाहिले.

"राहू दे की," आई म्हणाली. "भाडं वसूल करायला यायचा तो मेला असाच दिसायचा."

म्हणून सध्या ती खोली अर्धी किमयागाराची आणि अर्धी गिरगावची आहे. शंभर ग्रंथ, भट्टी, तांब्याची मोरी, छताला मगर, खुंटीला छत्री. एकच गोष्ट आईच्या मनाजोगी होत नव्हती. पाचचा उजेड जमला, पण दिवेलागणीचा जमेना. आतल्या दिव्याचा पिवळेपणा तिला पटत नव्हता. "असा नव्हता तो. जरा लालसर, आजारी असायचा." कन्येने तीन एलईडी बदलले.

ही हौस नव्हे, पुढे हे लोकांनी फार गंभीरपणे केलेले आहे. फ्रान्सिस ग्लेसनर ली ही रांगेतली शेवटची बाई, हीदेखील शिकागोच्या बड्या घरातली. हिला कायदेवैद्यकाचा ध्यास. हार्वर्डमध्ये त्या विषयाच्या विभागासाठी तिने १९३१ साली पैसा दिला, आणि १९४३ साली न्यू हॅम्पशरच्या पोलिसांनी तिला कॅप्टन केले. १९४० नंतरच्या काही वर्षांत तिने एका फुटाला एक इंच या मापाच्या छोट्या खोल्या केल्या, पण त्या संशयास्पद मृत्यूंच्या. स्वयंपाकघर, भाड्याची खोली, गोठा, आणि त्यात पडलेले माणूस. पोलीस अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात नव्वद मिनिटे देत, की पाहा आणि काय झाले असेल ते सांगा. या खोल्यांतले बहुतेक लोक गरीब आहेत, एकटे आहेत, पुष्कळ बायका आहेत. कॅलेंडरचे पान, अर्धवट सोललेले बटाटे, दिवा चालू होता की बंद, प्रत्येक गोष्टीला तिथे पुराव्याचे मोल. अठरा खोल्या बाल्टिमोरच्या वैद्यकीय तपासनिसांच्या कचेरीत आहेत.

२०१७ साली या खोल्या वॉशिंग्टनला प्रदर्शनात मांडायच्या ठरल्या, तेव्हा दिव्यांचा प्रश्न आला. जुने तारेचे दिवे तापत आणि त्या उष्णतेने खोल्या खराब होत चालल्या होत्या. म्हणून ते काढून एलईडी बसवायचे ठरले. पण नवा दिवा म्हणजे नवा उजेड, आणि उजेड बदलला तर पुरावाच बदलला. लीबाईंनी जो जुनाट, पिवळा, कुठे मंद कुठे कोंदट उजेड योजला होता तोच एलईडीकडून काढून घ्यायचा, हे काम तिथल्या तज्ज्ञांना दिवा दिवा घेऊन करावे लागले.

हे मी रविवारी मोठ्याने वाचून दाखवले. कन्या चौथा एलईडी सोलत होती. ती म्हणाली, "आजी, तुमच्याकडे बल्ब किती वॉटचा होता?"

आईने थोडा विचार केला.

"पंचवीसचा," ती म्हणाली. "साठचा आणून ठेवला होता. तो पाहुणे आले की लावायचो."